धन पंधरा, ऋण पंधरा

केमीत डिसेंबरात दुपारी दोनलाच दिवे लागतात.
समोरच्या दारातली तुओवी तेव्हा धक्क्यावर असते,
समुद्राच्या बर्फाला भोक पाडून
खाली माइक सोडते,
पत्र्याच्या शेडमध्ये बसून ऐकते
बर्फ काय बोलतो ते.
बॅटऱ्या थंडीत तासाभरात माना टाकतात,
आणि भिंतीतली वीज घेतली
तर आधी येते घरघर,
मग तिच्यामागून, लांबून, बर्फ.

"वीज गढूळ आहे तुझी," एल्यास म्हणाला.
"गाळून देतो."

कागद गिरणीत एकतीस वर्षं वायरमन होता तो.
तीन नंबरचं यंत्र कायमचं थांबलं त्या दिवशी
मालकांनी सगळ्यांना एकेक घड्याळ दिलं.
यानं भंगारातून उचलला ट्रान्सफॉर्मर,
तांब्याच्या तारेची जड चुंबळ,
आणि कोटाखाली पोटाशी धरून घरी आणला.

आता स्वयंपाकघराच्या टेबलावर तीच चुंबळ,
डायोडची चौकडी,
बोटभर उंचीचे कपॅसिटर,
आणि दोन रेग्युलेटर, एक धनाचा, एक ऋणाचा:
दिसायला जुळे, पायांचा क्रम मात्र वेगळा.
तेवढं त्याच्या लक्षात होतं.
लक्षात नव्हतं ते दुसरंच.

बटण दाबलं. अकरा मोजेपर्यंत सगळं ठीक.
मग फाट्!
छतापर्यंत कागदाचे कपटे,
कुजक्या मासळीसारखा वास,
आणि तुओवी चपला न घालता दारात.

ऋणाच्या बाजूचा कपॅसिटर उलटा बसला होता.
त्याचा अधिकाचा पाय शून्याला जोडायचा असतो.
"ऋणाच्या घरात शून्यच मोठा,"
एल्यास स्वतःवरच करवादला.
"एकतीस वर्षं! आणि हे विसरलो."
तिनं खिडकी उघडली. उणे एकोणीस आत आलं.

दुसऱ्या खेपेला त्यानं मध्ये साठचा बल्ब घातला.
बल्ब भक्कन पेटला,
मग हळूहळू लाजल्यासारखा विझला.
असाच विझायला हवा.
मीटरवर धन पंधरा, ऋण पंधरा,
मध्ये शून्य, दोघांचा हिशेब सांभाळत.

तरी घरघर होतीच. बारीक.
त्यानं चुंबळ पाव वळसा फिरवली: थोडी कमी.
तारांना पीळ दिला: आणखी थोडी.
मग पहाटे चारला उमगलं,
कपॅसिटर भरताना बसणारे धक्के
आणि बाहेर जाणारं स्वच्छ शून्य
एकाच तारेवरून चालले होते,
गाळलेलं पाणी पुन्हा त्याच चिखलाच्या वाटेनं.
चार इंच तार कापली.
सगळी शून्यं एका खिळ्याला आणून बांधली.

ऑसिलोस्कोपवर रेघ पडली
इस्त्री केल्यासारखी.
तुओवीनं हेडफोन लावला, डोळे मिटले.
"गेली."
त्यानं लावला.
"नाही. आहे अजून."
"रेघ बघ, एल्यास."
रेघ सरळ होती.
त्यानं प्लग उपसला. बल्ब काढला.
फ्रिज बंद केला, जिन्यातला दिवासुद्धा.
हेडफोन टेबलावर ठेवला.
"आहे," तो म्हणाला,
आणि मग बराच वेळ काही म्हणाला नाही.

तीन नंबरचं यंत्र
गिरणीतून निघून
त्याच्या डाव्या कानात राहायला आलं होतं,
कधी, कुणास ठाऊक.

तो डब्याचे स्क्रू पिळू लागला. एक, दोन.
तिसरा हातातून निसटून टेबलाखाली गेला.
तुओवी उठली. तिला वाटलं स्क्रू शोधावा,
पण ती वाकली ती त्याच्या खुर्चीपाशी,
आपला कान
त्याच्या कानाला लावून थांबली,
बर्फाच्या भोकापाशी थांबते तशी,
श्वास रोखून.